आर्सेल्ला म्हणजे नक्की कुठली शिंपली? २१४ डब्यांच्या भाषांतराचा अनुभव

७ फेब्रुवारी २०२३, मंगळवार होता. दुपारी ऑफिसमधून घरी आले आणि फोन वाजला. इटलीच्या मार्के किनाऱ्यावर, आंकोनाच्या जवळ एक छोटं गाव आहे, तिथल्या नगरपालिकेच्या संग्रहालयाला एका माणसाने आयुष्यभर जमवलेले शिंपले त्याच्या घरच्यांनी दिलेत, एकूण २१४ डबे, प्रत्येक डब्यावर त्याने त्या त्या गावात चालणारं नाव हाताने लिहिलंय, त्या नावांचं इंग्लिश करून हवंय. प्रदर्शन डिसेंबरमध्ये. एकेक दोन शब्दांचं तर काम आहे, तीन आठवड्यांत होईल ना, असं पलीकडच्या बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. शेवटचं लेबल मंजूर झालं तेव्हा सप्टेंबर संपत आला होता.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे नऊ वर्षं झाली त्रिएस्तेत राहतोय, मी इथे एका कंपनीत अर्धवेळ नोकरी करते, पंप आणि व्हॉल्व्हची मॅन्युअलं इटालियनमधून इंग्लिशमध्ये करते. शिंपल्यांशी कामाचा संबंध कधीच आला नव्हता. पण आई सकाळी बाजारातून तिसऱ्या आणायची आणि विळीवर एकेक उघडून एकशिपी करायची, ते बघत मोठी झालेय, त्यामुळे वाटलं की हे तर आपल्या घरातलंच. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. आमच्याकडेच त्याच शिंपल्यांना कुणी तिसऱ्या म्हणतं, कुणी शिवल्या म्हणतं, कुणी नुसतं शिंपल्या, आणि गोव्यात गेलं की तिसऱ्यो. इटलीचा किनारा तर साडेसात हजार किलोमीटरचा आहे आणि तिथे दर पन्नास किलोमीटरवर बोली बदलते.

आधी कागदपत्रांचं सांगते कारण पहिले पाच आठवडे त्यातच गेले. मी ८०० युरो सांगितले, त्यांनी मान्य केले. मी नोकरदार असल्यामुळे असं एखादं सुटं काम 'प्रेस्ताझ्योने ओक्काझ्योनाले' म्हणून करता येतं, म्हणजे अधूनमधून केलेलं काम, त्याला जीएसटीसारखा नंबर काढावा लागत नाही, वर्षाला ५,००० युरोंपर्यंत सामाजिक सुरक्षेची वर्गणीही भरावी लागत नाही. पण काम देणारी नगरपालिका असली की बाकी कागद वाढतात. कोदिचे फिस्काले म्हणजे आपल्या पॅनसारखा कराचा नंबर, राहण्याच्या परवान्याची कॉपी, माझे कुठले हितसंबंध आड येत नाहीत असं सहीचं पत्र, पैसे कुठल्या खात्यात घेणार ते जाहीर करणारा फॉर्म, आणि सीव्ही. हा सीव्ही आणि मानधनाचा आकडा दोन्ही नगरपालिकेच्या वेबसाइटवर कायद्याने जाहीर होतात, तेव्हा त्यातून घरचा पत्ता आणि फोन नंबर आधीच काढून टाका, मला हे दुसऱ्यांदा पाठवताना कळलं. करारावर सही झाली १३ मार्चला.

त्याच दिवशी एक्सेल फाइल आली. चार कॉलम. नंबर, नाव, गाव, साल. फोटो नाहीत. लॅटिन नावं फार तर तीस-पस्तीस डब्यांना.

पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते कुणीही करेल. शब्द घेतला, शब्दकोशात बघितला, इंग्लिश लिहिलं. सोपी नावं पटापट झाली. कान्नोलिक्किओ म्हणजे लांब नळीसारखी शिंपली, इंग्लिशमध्ये रेझर क्लॅम. काप्पासान्ता म्हणजे स्कॅलप, सांतियागोच्या यात्रेकरूंची खूण असलेली ती पंख्यासारखी शिंपली. कोत्सा म्हणजे मसल. 'लुपीनो' एका भाषांतराच्या ॲपमध्ये घालून बघितलं तर त्याने लांडग्याचं काहीतरी करून दिलं. रोम आणि नेपल्सच्या बाजूला लुपीनो म्हणजे छोटी रेषारेषांची वोंगोला, आपल्या तिसऱ्यांसारखी शिंपली, इंग्लिशमध्ये स्ट्राइप्ड व्हीनस, लॅटिन नाव कॅमेलिआ गॅलिना. गॅलिना म्हणजे कोंबडी. या एकट्या शिंपलीची माझ्या यादीत पाच नावं निघाली. वोंगोला, लुपीनो, वेनिसकडे पेवेरास्सा आणि बेवेरास्सा, वेनिसच्या दक्षिणेच्या रोमान्या भागात पोवेराच्चा. पोवेराच्चा हा शब्द नुसता वाचला तर अर्थ होतो 'बिच्चारी'. वेनिसच्या बोलीत पेवेरे म्हणजे मिरी, त्यामुळे मला वाटतं मूळ पेवेरास्साच असणार आणि रोमान्यापर्यंत येता येता ती मिरीची बिचारी झाली. पण लेबलवर मी अंदाज लिहिला नाही, तिथे लोक काय म्हणतात तेवढंच लिहिलं.

महिनाअखेरीला १६० ओळी झाल्या होत्या आणि मी खूश होते. मग ४७ नंबरची ओळ आली.

४७. मूस्कोली. त्रिएस्ते. १९७१.

मूस्कोली म्हणजे मसल हे मला माहीत होतं, ला स्पेझियाकडे, पश्चिम किनाऱ्यावरच्या लिगुरियात तसं म्हणतात. मी मसल लिहून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना सहज बोलले तर शेजारी बसणारी सहकारी, जी पक्की त्रिएस्तेची आहे, एकदम थांबली. म्हणाली, "इथे कोण मूस्कोली म्हणतं? आम्ही पेदोची म्हणतो." आणि खरंच की, आम्ही दर उन्हाळ्यात 'पेदोची आ स्कोतादेओ' खातो, बोटं भाजत खायच्या गरम गरम मसल्स, हा शब्द मी इतकी वर्षं ऐकतेय. मग त्रिएस्तेच्या डब्यावर लिगुरियाचा शब्द कसा आला? मी संग्रहालयाला मेल केला, ४७ नंबरच्या डब्याचा फोटो पाठवाल का. सहा दिवसांनी फोटो आला. आत मसल नव्हतीच. तपकिरी, अंगावर लव असलेली, होडीसारखी शिंपली, वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. आणि कागदावर शाईने स्पष्ट लिहिलेलं, मूस्सोली. एका अक्षराचा फरक. टाइप करणाऱ्याला किंवा त्याच्या कॉम्प्युटरला हा शब्द माहीत नसणार, त्याने ओळखीचा करून टाकला. मूस्सोलो म्हणजे आर्का नोए, नोआची होडी, इंग्लिशमध्येही नोआज आर्क. बाय द वे आंकोनाला मसलला मोश्शोलो म्हणतात, तिथल्या पोर्तोनोवोच्या खडकांवरचे जंगली मोश्शोली प्रसिद्ध आहेत. म्हणजे मूस्सोलो, मूस्कोलो, मोश्शोलो, कानाला तिन्ही सारखे, शिंपल्या दोन.

त्या रात्री मी या शब्दाच्या मागे लागले. इंग्लिशचं मसल आणि इटालियनचं मूस्कोलो दोन्ही लॅटिन 'मुस्क्युलस'वरून आलेत, आणि मुस्क्युलस म्हणजे छोटा उंदीर. लॅटिनमध्ये उंदीर 'मूस', आणि संस्कृतचा मूष, मूषक हा त्याच मुळाचा. गणपतीच्या पायाशी बसलेला तोच हा शब्द, ला स्पेझियाच्या बाजारात किलोवर विकला जातोय. मी किती तरी वेळ ते बघत बसले होते.

पण काळजी ही की ४७ मध्ये चूक असेल तर बाकीच्यांत किती असतील? मी सगळ्या डब्यांचे फोटो मागितले. त्यांच्याकडे माणूस नव्हता. मग मीच जायचं ठरवलं, स्वतःच्या खर्चाने, कारण प्रवास करारात नव्हता. असं काम घेणार असाल तर एक प्रवास आणि फोटो करारातच लिहून घ्या, मी ते केलं नाही आणि जवळजवळ १८० युरो खिशातून गेले.

त्याआधी १५ एप्रिलच्या शनिवारी एकटीच किओज्जाला गेले, वेनिसच्या खाडीच्या दक्षिण टोकाचं कोळ्यांचं गाव. मेस्त्रेपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. सोमवार टाळा, रविवारी बोटी जात नाहीत म्हणून सोमवारी मासे बाजार बहुतेक बंद असतात, आणि जायचं तर सकाळी नऊच्या आत. एक गोष्ट मला आधीच कुणीतरी सांगायला हवी होती ती म्हणजे बाजारातली पाटी वाचा. युरोपात मासळीच्या प्रत्येक ढिगावर विक्रीचं नाव, लॅटिन नाव आणि कुठल्या समुद्रातलं हे लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे. एड्रियाटिक असेल तर ३७.२.१ असा नंबर दिसतो. म्हणजे विकणारी तोंडाने बोलीतलं नाव ओरडते आणि पाटीवर लॅटिन असतं, दोन्ही एका फोटोत. माझ्यासाठी तो बाजार म्हणजे शब्दकोशच होता, एका सकाळी ३८ फोटो काढले. कापा लोंगा, कापा तोंदा, कापा सान्ता. व्हेनेतोत, म्हणजे वेनिसच्या प्रांतात, शिंपलीला कापा म्हणतात, मग लांब असेल तर लोंगा आणि गोल असेल तर तोंदा, इतकं सरळ.

तिथल्या एका मासेवाल्या बाईंना मी विचारलं की कापारोस्सोलो म्हणजे नक्की कुठली. साठीच्या असतील, हाताला रबरी मोजे. त्यांनी काही न बोलता एका वाडग्यात समुद्राचं पाणी घेतलं, दोन वेगवेगळ्या जाळ्यांतून एकेक शिंपली उचलून त्यात सोडली आणि दुसरं गिऱ्हाईक बघायला गेल्या. मी वाडग्याकडे बघत उभी. चार-पाच मिनिटांनी एकीने जरासं तोंड उघडलं आणि दोन बारीक नळ्या बाहेर आल्या, मुळापासून वेगळ्या, गोगलगाईच्या शिंगांसारख्या. मग दुसरीच्या आल्या, पण त्या अर्ध्याहून जास्त एकमेकींना चिकटलेल्या आणि टोकालाच फाकलेल्या. बाई परत आल्या. म्हणाल्या, "ही आपली. आणि ही फिलिपीन्सवाली. दोघींना कापारोस्सोलोच म्हणतो आता." आपली म्हणजे रुडिटेप्स डेकुसाटस आणि दुसरी रुडिटेप्स फिलिपिनारम. ही दुसरी आशियातली, १९८३ साली वेनिसच्या खाडीत शेतीसाठी आणून सोडली आणि आज इटलीत वोंगोला वेराचे म्हणून बशीत येते ती बहुतेक हीच असते. वेराचे म्हणजे 'अस्सल'.

माझ्या डब्यांत तर नुसती रिकामी कवचं होती, नळ्या कुठून बघणार. पण साल होतं. 'कापारोस्सोली, किओज्जा, १९६४'. १९६४ मध्ये फिलिपीन्सवाली इथे नव्हतीच. म्हणजे ही जुनी, इथलीच. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की डब्यावरचं गाव आणि साल हे सजावटीला नाहीये, नावाचा अर्धा अर्थ तिथे आहे. बसमध्ये बसल्या बसल्या मी एक्सेलमध्ये गावाचा कॉलम नावाच्याही आधी आणून ठेवला आणि मग तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

११ आणि १२ मेला संग्रहालयात गेले. मागच्या खोलीत लांब टेबलावर डबे मांडलेले. काड्यापेट्या, औषधांच्या गोळ्यांच्या डब्या, अँचोव्हीचे पत्र्याचे डबे, सिगारेटची पाकिटं, आत कापूस आणि कापसावर शिंपले. जमवणारे गृहस्थ रेल्वेत होते, फुकट प्रवास मिळायचा, सुट्टीच्या दिवशी गाडी पकडून कुठल्या तरी किनाऱ्यावर उतरायचे, कोळ्यांना विचारायचे हे काय आहे आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहायचे. सगळ्यात जुना डबा १९५६ चा, शेवटचा १९८९ चा. त्यांची मुलगी दोन्ही दिवस माझ्याबरोबर बसली. सत्तरीच्या आहेत, मी त्यांना सिन्योरा म्हणायचे. वडलांचं अक्षर त्यांना वाचता यायचं, मला नाही, सात आणि एक मी हमखास उलटे वाचायचे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ११२ नंबरचा डबा उघडला. 'आर्सेल्ले, व्हियारेज्जो, ऑगस्ट १९६८'. माझ्या यादीत आर्सेल्लेचे नऊ डबे होते आणि नऊही ठिकाणी मी कार्पेट शेल लिहून ठेवलं होतं, म्हणजे वोंगोला वेराचेच, कारण ओळखीतल्या एका सार्डिनियाच्या मैत्रिणीला विचारलं होतं आणि तिने अगदी खात्रीने सांगितलं होतं. डब्यात निघाल्या करंगळीच्या पेराएवढ्या, पाचरीसारख्या तिरक्या, तुकतुकीत शिंपल्या, आतून जांभळ्या. डोनॅक्स ट्रंक्युलस. इंग्लिशमध्ये वेज क्लॅम. रोमला यांना तेल्लीना म्हणतात. माझे कान गरम झाले. मैत्रीण खोटं बोलली नव्हती, तिच्या गावात आर्सेल्ला म्हणजे खरंच कार्पेट शेल. पण टस्कनीच्या किनाऱ्यावर आर्सेल्ला म्हणजे ही. मी भराभर बाकीचे आठ उघडले. एकूण चार टस्कनीचे, चारही पाचरी. पाच सार्डिनियाचे, पाचही कार्पेट शेल. ज्यांनी लेबलं लिहिली त्यांनी कुठेच चूक केली नव्हती, चूक माझी होती, मी शब्दाचं भाषांतर केलं होतं आणि गाव वाचलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत आधीच्या १६० मधल्या ३१ ओळी बदलल्या. सिन्योराला मी सांगितलं की मला लाज वाटतेय. त्यांनी माझ्यापुढे १४० नंबरचा डबा सरकवला आणि विचारलं, "हे तुमच्या गावी काय म्हणतात?"

आत त्यांच्याच गावातली क्रोचेत्ता होती, म्हणजे छोटा क्रॉस. शंखाच्या आकाराची, एका बाजूला बोटांसारखी नक्षी फुटलेली. इंग्लिशमध्ये हिला पेलिकन्स फूट म्हणतात, पेलिकन पक्ष्याचा पाय, लॅटिनही तेच म्हणतं. थोडं वर फानो आणि मारोत्ताकडे गेलं की हिलाच गारागोलो. आणि वेनिसला गारूसोलो म्हणतात तो मात्र वेगळाच, बोलिनस ब्रँडारिस, ज्याच्यापासून प्राचीन काळी जांभळा रंग काढायचे तो. क्रोचेत्ता ते लोक जंगली बडीशेपेचा पाला घालून शिजवतात, टोक कापतात आणि ओठाला लावून आतलं मांस ओढून घेतात. आमच्याकडे हे काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मी हा जीव कधी बघितला नाही. मग मी त्यांना मोबाइलवर आईच्या एकशिपीचा फोटो दाखवला, प्रत्येक शिंपलीचं अर्धं कवच ठेवलेलं, वर खोबऱ्याचं वाटण. त्यांनी तो झूम करून बराच वेळ बघितला.

घरी परतल्यावर मी काम नव्याने सुरू केलं आणि यावेळी जी पद्धत बसली ती सांगते, कारण कुणाला मासे, झाडं, पक्षी अशा कशाचीही गावठी नावं दुसऱ्या भाषेत न्यायची असतील तर उपयोग होईल. आधी वस्तू किंवा फोटो. मग गाव, मग साल. त्यावरून लॅटिन नाव. ते लॅटिन नाव वर्म्स या समुद्री जिवांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत तपासायचं, फुकट आहे, कारण लॅटिन नावंही बदलतात, जुन्या लेबलांवरचं 'म्युरेक्स ब्रँडारिस' आता बोलिनस झालंय आणि 'नासारियस म्युटाबिलिस' आता ट्रिटिया. लॅटिन पक्कं झालं की मगच इंग्लिश, आणि इंग्लिशसाठी एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, भूमध्य समुद्राच्या ओळख-पुस्तिकांतलं नाव घ्यायचं. मूळ शब्दावरून थेट इंग्लिशवर उडी मारायची नाही. माझ्या ३१ पैकी २६ चुका त्या उडीच्या होत्या.

लेबल कसं असावं यावर जून महिना गेला. संग्रहालयाला जागा कमी, त्यांना एकच इंग्लिश नाव हवं होतं. मी म्हटलं तसं केलं तर त्या माणसाचं तीस वर्षांचं काम पुसलं जाईल. तार्तूफो दि मारेचंच बघा, इटालियनमध्ये 'समुद्रातली ट्रफल', जिभेवर चव यावी असं नाव, आणि इंग्लिशमध्ये तिला वॉर्टी व्हीनस म्हणतात, चामखिळांची व्हीनस, कारण कवचावर गाठी असतात. दोन्ही खरी नावं, एकाने खाऊन ठेवलेलं आणि एकाने बघून. किंवा ग्लायसिमेरिस, इटलीत गाढवाचं पाऊल आणि इंग्लंडात डॉग कॉकल, कुत्र्याची शिंपली. यातलं काय काढून टाकायचं? शेवटी असं ठरलं की वर बोलीतलं नाव हाताच्या अक्षरात आहे तसं, खाली त्या शब्दाचा सरळ अर्थ इंग्लिशमध्ये, त्याखाली इंग्लिश नाव आणि शेवटी लॅटिन. चार ओळी. अक्षर बारीक करावं लागलं.

एका ठिकाणी अडलं. वेनिसला मसलला पेओचो म्हणतात आणि पेओचो म्हणजे ऊ, डोक्यातली. खडकांना चिकटून झुबक्याने राहतात म्हणून असेल. नगरपालिकेच्या एका अधिकारी बाईंचं म्हणणं पडलं की खाण्याच्या वस्तूखाली 'ऊ' लिहिलं तर परदेशी लोकांना कसं वाटेल, अर्थाची ओळ गाळू या. मी नको म्हटलं. मेलवर मेल झाले, मग सिन्योराने एक ओळीचा मेल पाठवला की माझ्या वडलांनी गाळलं नव्हतं. ऊ राहिली.

नेपल्सजवळच्या पोत्सुओलीच्या डब्यावर 'स्कोन्चील्यो' होतं, तोही म्युरेक्सच. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे गेलेल्या इटालियन लोकांनी हाच शब्द 'स्कंजिली' करून नेला, आणि तिथल्या समुद्रात हा जीव नाही म्हणून व्हेल्क नावाच्या मोठ्या गोगलगाईला ते नाव देऊन टाकलं. अमेरिकेहून येणाऱ्याला स्कोन्चील्यो वाचून व्हेल्कच आठवणार, म्हणून त्या लेबलाखाली एक जास्तीची ओळ मागून घेतली.

आणि १७७ नंबर. 'पोर्चेल्लाना', सिराकुझाजवळ, १९६२. तपकिरी गुळगुळीत कवडी, दोन्ही टोकांना काळे ठिपके. पोर्चेल्ला म्हणजे डुकराची पिल्ली, त्यावरून कवडीला पोर्चेल्लाना, आणि मार्को पोलोच्या काळात चिनी मातीच्या भांड्यांची चकाकी कवडीसारखी म्हणून भांड्यांनाही तेच नाव पडलं, त्यातून इंग्लिशचं पोर्सेलिन. आता याचं इंग्लिश काय? कावरी. आणि कावरी हा शब्द इंग्लिशमध्ये आला हिंदीच्या कौडीवरून, म्हणजे आपल्या कवडीचीच सख्खी बहीण. दोनशे चौदा डब्यांत हा एकच असा की इंग्लिश ओळीत मला माझ्या घरचा शब्द दिसला. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी लहानपणी अगदी जवळून बघितलीय, आमच्या गावच्या एसटी स्टँडवर परडी घेऊन बसायच्या त्या आजींच्या गळ्यातली, एकेक कवडी दोऱ्यात घट्ट ओवलेली, घासून घासून पिवळी पडलेली. ते लेबल लिहून झाल्यावर मी आईला फोन केला.

प्रूफं १२ सप्टेंबरला आली. चार दिवसांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या फोटोंसाठी परत किओज्जाला गेले तर बाजार ओळखू येईना. त्या उन्हाळ्यात निळे खेकडे आले होते, अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, पो नदीच्या मुखाशी गोरो आणि स्कार्दोव्हारीला वोंगोलांची शेतीच त्यांनी खाऊन टाकली, बारीक पिल्लं तर राहिलीच नाहीत. सरकारने ऑगस्टमध्ये २९ लाख युरो जाहीर केले होते. त्या मासेवाल्या बाई होत्या. जिथे एप्रिलमध्ये कापारोस्सोलीची जाळी होती तिथे निळे खेकडे मांडलेले. मला ओळखलं त्यांनी. मी विचारलं, याला बोलीत काय म्हणता? त्या म्हणाल्या अजून काही नाव नाही पडलं, नुसतं ब्लू म्हणतो.

प्रदर्शन २ डिसेंबरला उघडलं. पैशाचं राहिलं. ८०० मधले २० टक्के जागेवरच कापून कर म्हणून जातात, हातात ६४०. पावती ७७.४७ युरोंच्या वर असली की तिच्यावर २ युरोंचा स्टॅम्प लावावा लागतो, तंबाखूच्या दुकानात मिळतो. हा विचित्र आकडा म्हणजे जुने दीड लाख लिरा. स्टॅम्पची तारीख पावतीच्या तारखेच्या नंतरची नको, माझी एक पावती तेवढ्यासाठी परत आली. २ ऑक्टोबरला पाठवली, नियमाने ३० दिवसांत पैसे यायला हवेत, आले २९ डिसेंबरला, मधे दोनदा आठवण करावी लागली. आठवणीच्या मेलमध्ये करार नंबर आणि पावतीची तारीख पहिल्या ओळीत लिहा, दुसऱ्या वेळी तसं लिहिलं तर चार दिवसांत उत्तर आलं. कापलेला कर पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये धरून घेता येतो, त्यासाठी मार्चमध्ये येणारा दाखला जपून ठेवा.

२१४ मधले २११ झाले. दोन डब्यांत कवचाचा चुरा होता, नाव आणि गाव तेवढं लिहिलं. तिसरा, १३१ नंबर, त्याचा कागद कसरीने खाल्लाय. गायेता आणि १९५९ वाचता येतं, नावाची फक्त शेवटची दोन-तीन अक्षरं उरलीत, '...ओला'. आत तीन कार्पेट शेल आहेत, लॅटिन पक्कं आहे, इंग्लिशही पक्कं आहे, पण गायेताच्या त्या कोळ्याने त्यांना काय म्हटलं होतं ते गेलं. वोंगोला असेल असं सगळे म्हणतात. मी पहिल्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. उद्घाटनाला सिन्योरा त्या डब्यापाशी थांबल्या, चष्मा लावून कोऱ्या जागेकडे बघितलं आणि "बरं केलंत" म्हणाल्या. गायेतात त्यांच्या वडलांच्या वेळची दोन कोळ्यांची घरं अजून आहेत म्हणे, ईस्टरनंतर जाऊन विचारून येणार आहेत.